रस्त्यावरची ऐट आणि आपला कॅमेरा (मराठवाड्यातल्या फोटोवाल्यांसाठी)

रस्तेमापक (धागाकर्ता)

मराठवाड्यातले म्हणून जे फोटो फिरतात त्यांत हमखास एक आजोबा असतात. डोक्याला तांबडा रुमाल, चेहऱ्यावर सुरकुत्यांचं जाळं, ओठांत बिडी, मागे भेगाळलेली जमीन. फोटो चांगलाच असतो, प्रकाशही नेमका पकडलेला असतो. पण तो त्या आजोबांचा फोटो नसतो. त्यांच्या जागी शेजारच्या गावचे दुसरे आजोबा उभे केले तरी काही बिघडणार नाही. मला बोलायचंय ते वेगळ्याच फोटोंबद्दल. संभाजीनगरच्या गुलमंडीवर, लातूरच्या गंजगोलाईत, नांदेडच्या वजिराबादला माणसं स्वतः ठरवून जे घालतात, बांधतात, मिरवतात, ते कसं टिपायचं?

दुखणं जुनं आहे. १८६८ ते १८७५ या काळात ब्रिटिश सरकारने हिंदुस्थानातल्या लोकांच्या फोटोंचे आठ खंड छापले. कपडे, दागिने, हत्यारं, सगळं स्पष्ट दिसतं. फोटोबरोबर जातीजमातीचं नाव आणि 'हे लोक कसे असतात' याची माहिती. उभा राहिलेला माणूस म्हणजे नमुना, बस्स. आपण 'ग्रामीण मराठवाडा' असा हॅशटॅग लावून फोटो टाकतो तेव्हा याहून फार वेगळं काय करतो?

याच्या बरोबर उलटं काम न्यूयॉर्कचे फोटोग्राफर बिल कनिंगहॅम (१९२९–२०१६) यांनी केलं. सायकल, अंगात कामगार घालतात तसला निळा कोट, गळ्यात कॅमेरा. १९७८ मध्ये रस्त्याने जाणाऱ्या एका बाईचा फोटो त्यांनी काढला, कारण तिच्या कोटाच्या खांद्याची बेतणी त्यांना आवडली. ती हॉलिवूडची गाजलेली नटी ग्रेटा गार्बो होती हे त्यांच्या मागाहून लक्षात आलं! तिकडे टोकियोत शोइची आओकी यांनी १९९७ मध्ये तिथल्या हाराजुकू भागात नटूनथटून फिरणाऱ्या पोरापोरींचं मासिक सुरू केलं. पोरगी रस्त्यात सरळ उभी, डोक्यापासून बुटापर्यंत पूर्ण दिसतेय, शेजारी ती कोण आणि अंगावरचं कुठून आलं एवढीच माहिती. नाटक नाही. त्या भागातला मोठा रस्ता १९९८ पर्यंत रविवारी गाड्यांना बंद असायचा, हे मला यातलं सगळ्यात कामाचं वाटतं. माणसाला रमतगमत चालायला जागा मिळाली की त्याची ऐट बाहेर येते. २०१७ मध्ये आओकींनी छापील मासिक थांबवलं. फोटो काढावा अशी पोरंच आता दिसत नाहीत, हे त्यांनी दिलेलं कारण.

आपल्याकडे अशी जागा कुठे आहे? संभाजीनगरात संध्याकाळचा निराला बाजार आणि सिडकोतलं कॅनॉट, दिवाळीच्या आधी पैठण गेट ते गुलमंडी, दर गुरुवारी छावणीचा बाजार. (शहराच्या नावावरून इथे कुणी भांडू नये. ज्याला जे नाव तोंडात बसलंय त्याने ते वापरावं.) बाकी ठिकाणी लोक गाडीवरून उतरतच नाहीत, आणि गाडीवरच्या माणसाची ऐट टिपणं हा वेगळाच खेळ आहे.

मी बघतो ते असं. औरंगपुऱ्याच्या मंडईत एक मावशी बसतात, इरकल लुगडं, हातभर हिरव्या बांगड्या आणि त्या बांगड्यांच्या वर पुरुषी मोठ्या डायलचं घड्याळ. मोंढ्यातला एक हमाल कपाळाला पट्टा बांधतो तो मुलीच्या जुन्या ओढणीचा, आणि गाठ मुद्दाम डाव्या कानावर घेतो. एक रिक्षावाले काका खाकी शर्टाच्या कॉलरखाली रोज वेगळ्या रंगाचा हातरुमाल घडी करून ठेवतात. इरकल, पट्टा आणि खाकी हे त्यांच्या गटाचं. घड्याळ, गाठ आणि हातरुमाल त्यांचं स्वतःचं. फोटो घ्यायचा तो या दुसऱ्या गोष्टींसाठी, आणि तरी माणूस पूर्ण दिसला पाहिजे. नुसत्या घड्याळाचा जवळून घेतलेला फोटो म्हणजे घड्याळाचा फोटो.

थोडं तांत्रिक. आपल्याकडे अर्धे पुरुष पांढऱ्यात आणि ऊन कडक. पांढरा शर्ट, सावळा चेहरा, दुपारचे बारा, यात कुठलाही कॅमेरा गडबडतो. शर्ट सांभाळला तर चेहरा काळवंडतो, चेहरा सांभाळला तर शर्टाचा नुसता पांढरा ठिपका होतो. यावर बटण नाही, सावलीत या. दुकानाच्या पत्र्याखाली, जिथे समोरच्या भिंतीवरून उजेड परततो, तिथे माणूस सुंदर दिसतो. उभ्या माणसाचा पूर्ण फोटो घेताना कॅमेरा आपल्या डोळ्याशी नको, पोटाच्या उंचीला आणा, नाहीतर पाय आखूड दिसतात. मोबाईल असेल तर दोन पावलं मागे जाऊन २x वर घ्या. आणि तो चेहरा गोरा-गुळगुळीत करणारा ब्यूटी मोड आधी बंद करा. माणसाचा रंगच पुसून टाकल्यावर कसली आलीय ओळख?

तुमचे अनुभव, जागा, आणि मुख्य म्हणजे विचारून काढावा की न विचारता, यावर बोला.

खवचट_खापर

विचारलं की मेला फोटो. आपल्याकडे 'काका, फोटो काढू का' म्हटलं की काका शर्टाचं वरचं बटण लावतात, हात मांडीला चिकटवतात आणि आधार कार्डावरचा चेहरा करतात. मग त्यात 'अस्सल' काय राहिलं? मी कधीच विचारत नाही.

दुसरं, हे निवडबिवड सगळं खिशात पैसे असलेल्यांचं. ज्याच्याकडे दोनच शर्ट आहेत तो काय निवडणार? आणि ज्याच्याकडे पैसे आहेत त्या सगळ्या पोरांची कटिंग एकाच क्रिकेटपटूसारखी. बाजूने मशीन, वर कोंबडा. कॅनॉटला पन्नास फोटो काढा, एकाच पोराचे वाटतील.

काजबटण

खापरराव, दोन शर्टवाल्याबद्दल थोडं सांगते. माझ्या वडिलांचं परभणीत शिलाईचं दुकान आहे, मी काउंटरवर बसून मोठी झाले.

आपल्याकडच्या बाप्यांच्या अंगावरचं कापड बऱ्याचदा त्यांनी घेतलेलंच नसतं. ते आहेरातलं असतं. लग्नसराईत मेव्हण्याकडून, व्याह्याकडून शर्टपीस-पँटपीस, टॉवेल-टोपी येते. रंग देणाऱ्याच्या पसंतीचा, नाहीतर दुकानदाराने जे गठ्ठ्यात बांधलं त्याचा. म्हणून एखादे काका पोपटी चौकड्यांच्या शर्टात दिसले तर 'काय हौस आहे' असं समजू नका. ती मेव्हण्याची हौस.

पण ते कापड घेऊन माणूस आमच्याकडे आला की मग त्याची मर्जी सुरू. तंबाखूच्या चंचीसाठी बाजूचा खिसा किती खोल, पैशासाठी आत चोरखिसा डावीकडे की उजवीकडे, छातीवरच्या खिशाला पेनाची खाच पाहिजे का. (पेन न वापरणारे पण खाच मागतात, बरं का.) एक गिऱ्हाईक आहे, शर्टाच्या बाह्या कायम दोन घड्या वर घेणारं, म्हणून आतल्या बाजूला वेगळ्या कापडाची पट्टी लावून घेतं. घडी घातली की ती पट्टी बाहेर दिसते. हे सुचलं त्याचं त्याला, बाबांनी सांगितलं नव्हतं. तालुक्याला जाणाऱ्या पुढाऱ्यांच्या कार्यकर्त्यांचा पांढरा लिनन तुम्हाला एकच वाटेल, पण कॉलरमध्ये बकरम (आतलं ताठ कापड) किती कडक पाहिजे यावर दुकानात भांडणं होतात. कुणाला मान हलली तरी कॉलर हलायला नको असते, कुणाला 'आपला माणूस' वाटायचं असतं म्हणून मऊ.

बायकांचं तेच. साडी ओटीत आलेली, पण ब्लाउज तिचा. मागचा गळा, बाहीची लांबी, लटकन लावायचं की नाही, हे तिचं ती ठरवते आणि सासूपासून लपवून ठरवते.

म्हणून रंग नका बघू, शिलाई बघा.

रस्तेमापक

काजबटण, आहेराचा मुद्दा माझ्या डोक्यात कधीच आला नव्हता. वर मी जे दोन परिच्छेद खर्च करून म्हणतोय ते तुम्ही 'शिलाई बघा' एवढ्यात मिटवलंत.

खापर, तुमच्या बटणाच्या मुद्द्यावर. 'फोटो काढतो' म्हटल्यावर माणूस सगळ्यात आधी काय नीट करतो, तेच मला बघायचं असतं. कुणी बटण लावतो, कुणी उघडतो. कुणी खांद्यावरचा टॉवेल लपवतो, कुणी झटकून पुन्हा नीट टाकतो. एक बाई चप्पल काढून उभ्या राहिल्या होत्या, एकाने धावत जाऊन गाडीच्या डिकीतून गॉगल आणला. चोरून काढलेल्या फोटोत हे मिळत नाही. त्यात मिळतो तो बेसावध माणूस. बेसावध म्हणजे अस्सल, हे कुणी ठरवलं? आपण घरातून निघताना आरशात बघतो तेव्हा सावधच असतो की!

आणि आधार कार्डाचा चेहरा पहिल्या फोटोपुरता असतो. तो घ्या, दाखवा, मग 'हे उपरणं कुठून घेतलं' असं काहीतरी विचारा. उत्तर देताना माणूस आपल्या जागेवर येतो.

पाटोद्याची_पोर

मी बीड जिल्ह्यातली, सध्या संभाजीनगरात नोकरीला. स्कूटीवरच्या पोरींबद्दल कुणीच बोललं नाही म्हणून लिहिते.

मार्च ते जून आमचा गणवेश ठरलेला. डोक्यापासून मानेपर्यंत गुंडाळलेला स्कार्फ, वर गॉगल, कोपरापर्यंत हातमोजे नाहीतर पांढरा सनकोट. ऊन चाळिशीच्या पुढे जातं, दुसरं काय करणार. लोक डाकू म्हणतात, म्हणू देत. पण जरा नीट बघा. स्कार्फची गाठ मागे की बाजूला, शेवटचा पदर आत खोचलाय की वाऱ्यावर सोडलाय, स्कार्फ ड्रेसला मॅचिंग की मुद्दाम एकदम उलटा रंग. माझी रूममेट बांधणीचाच स्कार्फ वापरते, दुसरा चालतच नाही तिला. लांबून येताना गाठीवरून आम्ही एकमेकींना ओळखतो. चेहरा लागत नाही.

तेव्हा हात जोडून विनंती. फोटोसाठी स्कार्फ काढायला सांगू नका. चेहरा झाकलाय तेवढीच कटकट कमी असते आम्हाला, गल्लीतल्या काकूंपासून ते चौकातल्या टवाळांपर्यंत. त्या अवस्थेतच ऐट असेल तर तिचा काढा.

आणि न विचारता काढणाऱ्या खापररावांना एकच प्रश्न. लांब लेन्स लावून कुणी तुमच्या बहिणीचे फोटो काढत असेल तर तुम्ही त्याला कलावंत म्हणाल का?

गावाकडचं एक. आमच्याकडून ऊसतोडीला बायका जातात त्या साडीवरून नवऱ्याचा पूर्ण बाह्यांचा शर्ट घालतात, उसाचं पान कापतं म्हणून. शहरात मजूर अड्ड्यावर बांधकामाच्या बायकाही तशाच दिसतात. माझी चुलती मात्र तो शर्ट घालून कॉलर उभी ठेवते. कामून, तर मानेला पान लागू नये म्हणून. पण कॉलर उभी असली की तिची चालही बदलते, हे मी लहानपणापासून बघतेय. तोडीवर चारपाच जणींनी तिचं बघून तसंच सुरू केलं.

खवचट_खापर

बहिणीच्या मुद्द्यावर गप्प. लांब लेन्स विकायला काढतो.

(कटिंगच्या मुद्द्यावर ठाम आहे.)

तांड्यावरून

मी हिंगोली जिल्ह्यातल्या तांड्यावरचा. आमच्याकडे दर दिवाळीला कॅमेरेवाले येतात. आजीला शोधतात. फेटिया (घागरा), कांचळी (चोळी), हातभर बलिया (बांगड्या), आरशांचं काम, सगळं रंगीत. तिथेच आत्या उभी असते साध्या साडीत, ती शिक्षिका आहे, तिला बाजूला व्हायला सांगतात. 'फ्रेममध्ये येताय.' माझ्या बहिणीला तर एकाने विचारलं, 'तुझ्याकडे असा ड्रेस नाही का?' आहे की. लग्नात घालते. आज जीन्स घातलीय कारण आज तिला जीन्स घालायची होती.

धागाकर्त्याने त्या आठ खंडांचं काढलं ते बरं केलं. आमच्यासाठी ही पुस्तकातली गोष्ट नाही. १८७१ च्या कायद्याने कितीतरी जमाती गुन्हेगार म्हणून नोंदवल्या, पोलीस ठाण्यात हजेरी लागायची. १९५२ मध्ये तो कायदा रद्द झाला, पण तांड्यावरची, पालावरची म्हातारी माणसं कॅमेरा आणि वही एकत्र दिसली की अजून आत जातात. वही लपवा आधी.

आजीबद्दल सांगतो. तिच्या कांचळीवरच्या टाक्यात एका कोपऱ्यात लाल दोऱ्याऐवजी निळा आहे. दोरा संपला होता म्हणून नाही, तिला निळा आवडतो म्हणून. एवढ्या फोटोवाल्यांपैकी एकानेही विचारलं नाही.

निळी_शाई

+१ तांड्यावरून.

माझा मुक्काम संभाजीनगरात नागसेनवनाजवळ. १४ जानेवारीला विद्यापीठाच्या गेटसमोर या. १९९४ मध्ये विद्यापीठाला बाबासाहेबांचं नाव जोडलं, त्या नामविस्ताराच्या आठवणीसाठी दरवर्षी लोक येतात, पुस्तकांचे स्टॉल, शाहिरांची गाणी, पांढऱ्या साड्या. या गर्दीतला थ्री-पीस सूट बघा. थंडी असो नसो, खेड्यातून टेम्पोने आलेला साठीतला माणूस कोट-टायमध्ये. बाहेरचे फोटोवाले याला बाजूला सारतात, 'लोकल' वाटत नाही म्हणून. अहो, याहून लोकल काय असणार? १९२७ च्या डिसेंबरमध्ये महाडला बाबासाहेबांनी बायकांना सांगितलं होतं की अस्पृश्य म्हणून ओळखू येईल असं नेसणं आणि तसले दागिने सोडा. ज्यांना काय घालायचं नाही हे पिढ्यान्पिढ्या दुसऱ्यांनी सांगितलं, त्यांच्यासाठी टायची गाठ ही हौस नुसती नसते.

आता गंमत. या सुटांतही एकसारखं काही नाही. आमच्या शेजारचे निवृत्त कंडक्टर कोटाच्या वरच्या खिशात नेहमीचा रुमाल न ठेवता दोन पेनं लावतात, निळं आणि लाल. लाल कशाला, विचारलं तर म्हणाले, 'चुका काढायला.' त्यांचा फोटो मला या वर्षी हवाय, गर्दी मागे ठेवून.

काजबटण

पेनाची खाच! बघा, मी म्हणत नव्हते.

नहर_ए_अंबरी

संभाजीनगरच्या सिटी चौकातून सलाम. आमच्या भागात येणारे फोटोवाले दोनच गोष्टी काढतात, नान-खलिया आणि काळे बुरखे. 'रहस्यमय' काहीतरी. मी लहानपणापासून अम्मीबरोबर शहागंजला बुरख्याचं कापड घ्यायला गेलोय, त्यामुळे हसू येतं. एक कापड चमकतं, एक पडतं, एक फुगतं. कुणाला बाहीच्या कडेला खडे पाहिजेत, कुणाला काळ्यावर काळंच भरतकाम, जवळ गेल्याशिवाय दिसणार नाही असं. कॉलेजच्या पोरी वर डेनिमचं जाकीट घालतात. माझ्या फुप्पीचा कट पंचवीस वर्षं एकच, दर्जी बदलला तरी नमुना सोबत घेऊन जाते.

तांत्रिक भर घालतो. पांढऱ्याबद्दल धागाकर्त्याने लिहिलं, काळ्याचं उलटं. चौकटीत काळं जास्त असलं की कॅमेरा त्याला राखाडी करतो, म्हणून उजेड थोडा कमी धरा. आणि समोरून प्रकाश टाकाल तर काळं कापड नुसतं भगदाड दिसेल. बाजूने उजेड आला तरच भरतकाम उठतं. आमच्या गल्ल्या अरुंद आहेत, सकाळी नऊच्या सुमाराला एकाच बाजूने ऊन उतरतं, ती वेळ साधा. रमजानच्या रात्री बाजारात फिरणार असाल तर दुकानांच्या एलईडीमुळे फोटोत पट्टे येतात. आपली वीज पन्नास हर्ट्झची, शटर १/१०० किंवा १/५० ठेवा, पट्टे जवळजवळ जातात.

ईदच्या सकाळी छावणीच्या ईदगाहकडून परतणारी लहान पोरं बघा. शेरवानी, गॉगल, खिशात ईदी. त्यांना विचारावं लागत नाही, तेच विचारतात, 'भाई, फोटू निकालो ना.' तरी अब्बांना विचारा. मोठ्यांना न विचारता कॅमेरा रोखलात तर 'काइकू निकाल रे?' हा सवाल येणारच, आणि रास्त आहे. बायकांच्या बाबतीत मी माझ्या बहिणीला सोबत घेतो. यात नवीन काही नाही, आपला भाग ज्या निजामाच्या राज्यात होता त्याचे दरबारी फोटोग्राफर लाला दीनदयाळ यांनी १८९२ मध्ये हैदराबादेत खास बायकांसाठी स्टुडिओ काढला होता, तिथे फोटो काढणारी बाईच होती.

गोलाई१६

लातूरकडून हजेरी. आमच्या गोलाईला १६ रस्ते येऊन मिळतात, पण खरी गर्दी क्लासेसच्या भागात. हजारो पोरं, सगळ्यांची तीच लोअर, तोच टी-शर्ट, पाठीला तीच सॅक, डोळ्याखाली तीच काळी वर्तुळं. मी म्हणत होतो इथे काय फोटो मिळणार. मग सॅकला काय लटकतंय ते बघायला लागलो. कुणाची तुळजापूरची कवड्यांची माळ, कुणाचं कापडी अस्वल, एकाच्या सॅकला घराची जुनी किल्ली. कसली म्हटलं, तर म्हणाला, 'गावाकडं घर नवीन बांधायलेत, जुन्या दाराची हाय.' यापुढे मी काही विचारलं नाही.

गोदाकाठ

नांदेडचं थोडक्यात. होला मोहल्ला या शिखांच्या सणाला बाहेरून येणारे सगळे निहंगांच्या (शस्त्रधारी शिखांच्या) निळ्या दुमाल्यामागे, म्हणजे उंच पगडीमागे, धावतात. धावा, भव्यच असतं. पण वजिराबादला रोज दिसणारी आपली दखनी शीख पोरं, पिढ्यान्पिढ्या इथली, मराठी आपल्यासारखंच बोलणारी, त्यांचं दस्ताराचं (पगडीचं) गणित बघा. बुटाच्या लेसला मॅचिंग दस्तार बांधणारा एक जण माझ्या माहितीत आहे. गुरुद्वाऱ्याच्या आवारात फोटोचे नियम तिथेच विचारून घ्या, अंदाजाने वागू नका.

वकिली_चष्मा

कुणी कायद्याचं काढण्याआधी लिहून टाकतो. सार्वजनिक रस्त्यावर फोटो काढायला सरसकट मनाई करणारा कायदा आपल्याकडे नाही. म्हणून काहीही चालतं असं नाही. ऑगस्ट २०१७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायाधीशांनी पुट्टस्वामी प्रकरणात खासगीपणा हा मूलभूत हक्क मानला. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत कलम ७७ बाईचे खासगी क्षण चोरून बघण्या-टिपण्याबद्दल आहे आणि कलम ७८ तिने नको म्हटल्यावरही मागे लागण्याबद्दल. 'एकच फोटो, ताई, प्लीज' म्हणत चौकभर मागे चालणारे या दुसऱ्या कलमाच्या फार जवळून चालत असतात. जाहिरातीसाठी फोटो वापरायचा तर लेखी संमती घ्या. लहान मुलांसाठी आईवडिलांची. छावणीत लष्कराच्या हद्दीत मनाईचे फलक असतात, ते शोभेचे नाहीत.

मुठाकाठी

पुण्याहून वाचतेय, मस्त धागा. एक शंका. फोटो कुणाला दाखवता, देता कसे? मी नंबर मागितला की मुली बिथरतात.

रस्तेमापक

नंबर मागायचाच नाही. आपला द्यायचा. माझ्याकडे छोटी चिठ्ठी असते, नाव, नंबर, 'फोटो हवा असेल तर कळवा', आणि खाली 'फोटो नको असेल तरी कळवा'. ज्यांना पाहिजे ते कळवतात. ज्यांची रोजची जागा ठरलेली असते, भाजीवाल्या मावशी, हमाल, रिक्षावाले, त्यांना कागदावर छापून नेऊन देतो. मोबाईलवर पाठवलेला फोटो त्यांच्या घरी नातवाच्या गेममध्ये हरवतो. छापलेला दुकानात लागतो. मावशींनी त्यांचा वजनकाट्यामागे लावलाय, आणि मला सांगितलं की घड्याळ नीट आलं नाही, पुन्हा काढ. बरोबर होतं त्यांचं, डायलवर चकाकी आली होती.

कुणी नंतर काढून टाक म्हटलं तर कारण न विचारता काढतो. कारण विचारणं हाही दबावच.

तांड्यावरून, तुमच्या आजीच्या निळ्या टाक्याबद्दल. त्यांची आणि आत्यांची हरकत नसेल तर मला दोघींचा एकत्र फोटो काढायला आवडेल, दोघी जशा रोज असतात तशा. बहीणही, जीन्समध्येच. वही आणणार नाही.

तांड्यावरून

विचारतो. आजी हो म्हणेल, आत्या अटी घालेल.

मुठाकाठी

काजबटण, तुमच्या बाबांच्या दुकानात ट्रायलच्या वेळी फोटो काढू देतील का? नवा शर्ट पहिल्यांदा अंगात घालून आरशासमोर उभा राहिलेला माणूस, याहून चांगली जागा मला तरी सुचत नाही.

काजबटण

आत्ताच विचारलं. म्हणाले, ज्यांची उधारी चुकती झालीय त्यांचेच काढा. बाकीच्यांना ट्रायलवरून तसंच पळून जायला निमित्त नको.

शनिवारी दुपारी गिऱ्हाईक कमी असतं, तेव्हा या. आरशाच्या डाव्या बाजूला खिडकी आहे, उजेड चांगला येतो, फक्त वरची ट्यूब बंद करायला मला आधी सांगा.